कलोनच्या म्युझियममध्ये ही दोन चित्रं चुकवू नका (जर्मनी टूरच्या मंडळींसाठी)

कलोनला कॅथेड्रल बघून झालं की शेजारीच म्युझियम लुडविग आहे, तिथे बहुतेकजण पिकासो शोधत जातात. पिकासो बघाच, पण आमचं मनापासून सांगणं आहे की किर्शनर आणि बाझेलिट्झ या दोन जर्मन चित्रकारांसाठी थोडा वेळ राखून ठेवा.

आधी किर्शनरचं 'रस्त्यावरच्या पाच बायका', 1913 चं. 1905 ला ड्रेस्डेनमध्ये आर्किटेक्चरच्या चार विद्यार्थ्यांनी 'ब्र्युके' हा चित्रकारांचा ग्रुप काढला त्यातला हा एक, पुढे 1911 ला बर्लिनला आला आणि त्या शहराने त्याला पार हलवून सोडलं. गिऱ्हाईकाची वाट बघत उभ्या असलेल्या या बायका, काळे कोट, पिसांच्या टोप्या, उंच टोकदार अंगं आणि मागे तो आंबट पिवळा-हिरवा रंग! पाचही जणी एकमेकींना चिकटून आहेत पण कुणाचंच कुणाकडे लक्ष नाही, ते बघून खरंच अस्वस्थ व्हायला होतं.

मग बाझेलिट्झचं 'उलटं जंगल', 1969 चं, अडीच मीटर उंच. चित्र उलटं टांगलंय असं वाटेल, पण त्याने ते रंगवलंच उलटं, म्हणजे आपण झाडं ओळखत बसू नये, रंग आणि ब्रशचे फटकारे बघावेत. ब्रश दोघांचाही रांगडाच. किर्शनर एक्सप्रेशनिस्ट, म्हणजे दिसतं तसं न रंगवता मनातली खळबळ रंगवणारा, म्हणून बाझेलिट्झला निओ-एक्सप्रेशनिस्ट (नवा एक्सप्रेशनिस्ट) म्हणतात, पण किर्शनरला समोरच्या रस्त्याबद्दल काहीतरी ओरडून सांगायचंय आणि बाझेलिट्झ समोरच्या गोष्टीवर विश्वासच ठेवत नाही.

आमच्या मते हा फरक मधल्या काळाने पाडला. 1937 ला नाझींनी किर्शनरची 600 च्या वर कामं जर्मनीतल्या म्युझियम्समधून काढून टाकली, 1938 ला त्याने स्वित्झर्लंडमध्ये आत्महत्या केली, आणि त्याच वर्षी बाझेलिट्झ जन्मला, युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशात वाढला, पूर्व बर्लिनच्या आर्ट कॉलेजमधून काढला गेला. नाझींच्या त्या काळात योझेफ हाउब्रिख नावाच्या कलोनच्या वकिलाने अशी एक्सप्रेशनिस्ट चित्रं जपली आणि 1946 ला शहराला देऊन टाकली, त्यांच्यामुळे आज इथे एवढे एक्सप्रेशनिस्ट बघायला मिळतात. फार मोठं काम केलं त्या माणसाने.

म्युझियम सोमवारी बंद असतं म्हणून कलोनचा दिवस आम्ही कधीच सोमवारी ठेवत नाही. भिंतीवरची चित्रं अधूनमधून बदलतात, तेव्हा त्या दिवशी ही दोन्ही लागलीयेत का ते काउंटरवर विचारून मगच वर जा.