एकट्या मांजरीला पिल्लू आणून दिलं की झालं?

‘मांजर एकटी पडली आहे, एखादं पिल्लू आणा, ती त्याला आईसारखी सांभाळेल’ हा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो. तो बहुतेकदा चुकतो. दहा वर्षांची मांजर दिवसाचा बराच वेळ झोपते. तीन महिन्यांचं पिल्लू तिच्या शेपटीवर झडप घालत राहतं. मग ती फिसकारते, पलंगाखाली दडते, कधी खाणंही सोडते. पिल्लूच हवं असेल तर एकाच वयाची दोन आणावीत, म्हणजे ती आपापसात दंगा करतात.

वयापेक्षा उत्साहाचा मेळ बघा. शांत मांजरीला शांत, आधी इतर मांजरांसोबत राहिलेली, नसबंदी झालेली प्रौढ सोबतीण बरी. नर की मादी, हा मुद्दा नसबंदीनंतर फारसा उरत नाही. आणण्याआधी तिची ल्युकेमिया विषाणू आणि एफआयव्ही (प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू) या मांजरांमधल्या दोन संसर्गांसाठी रक्ततपासणी करून घ्या.

‘भांडून ठरवतील आपसात’ हे तर अजिबात नको. पहिली मारामारी मांजर विसरत नाही. नवीला वेगळ्या खोलीत ठेवा, दोघींची अंथरुणं अदलाबदल करा, बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण द्या. दोघी निवांत खाऊ लागल्या की जाळीआडून भेट, मग पाच-दहा मिनिटं एकत्र. याला दोन आठवडे लागतात, कधी दोन महिने. शौचपेट्या तीन, वेगवेगळ्या जागी.

आणि मांजर खरंच एकटी आहे का, हे आधी तपासा. अचानक सुस्ती किंवा रात्रीचं ओरडणं थायरॉईड वा सांधेदुखीमुळेही असतं. तिथे सोबत नव्हे, पशुवैद्य हवा.