पार्श्वभूमी : झेरॉक्स, अंगठा आणि तीन दिवस

ऑक्टोबर 2023 मध्ये 81.5 कोटी भारतीयांची नावे, पत्ते, मोबाइल नंबर आणि आधार क्रमांक डार्क वेबवर विक्रीला निघाल्याची बातमी आली. विदर्भात तेव्हा कापसाची पहिली वेचणी चालू होती. डिसेंबरात या प्रकरणी चौघांना अटक झाली. दरम्यान मोबाइलवर सल्ल्यांचा पाऊस पडून गेला : पासवर्ड बदला, ईमेलची सुरक्षा वाढवा, क्रेडिट कार्डाच्या व्यवहारांवर डोळा ठेवा. सल्ल्यांत खोटे काही नव्हते. पण पांढरकवडा किंवा मेहकर तालुक्यातल्या ज्या घरात ईमेल पोराच्या कॉलेजच्या फॉर्मपुरता उघडलेला आहे आणि बँक म्हणजे जनधनचे पासबुक, तिथे ओळख चोरीला जाते ती दुसऱ्याच वाटांनी. या वाटा बहुतेक सरकारी योजनांनीच पाडल्या आहेत, आणि त्याही गेल्या आठ-दहा वर्षांत.

अंगठ्याचा गैरवापर या भागाला नवा नाही. सावकाराच्या दारात कोऱ्या कागदावर अंगठा देऊन वावर गमावलेली घराणी गावोगाव आहेत. 2014 च्या सावकारी कायद्याने अशी जमीन परत मागायची वाट तरी करून दिली. पण तो कागद कोणाच्या कपाटात आहे हे गावाला माहीत असायचे. आधारचे तसे नाही. पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. त्यासाठीचा कायदा आला 2016 मध्ये. मधली वर्षे बोटांचे ठसे गोळा होत राहिले.

विदर्भापुरते बोलायचे तर खरी भर पडली 2017 च्या कर्जमाफीने. अर्ज ऑनलाइनच भरायचा, नवरा-बायको दोघांचे आधार द्यायचे, ही अट होती. ऐन पावसाळ्यात, डवरणी-निंदणीची कामे टाकून माणसे सेवा केंद्रावर बसली. दिवसा सर्व्हर चालत नाही म्हणून रात्री नंबर लागायचा. प्रत्येक अर्जासोबत आधार, पासबुक, सातबारा यांच्या झेरॉक्स. एवढे करूनही बँकांकडून आलेल्या याद्यांत अनेक शेतकऱ्यांच्या नावापुढे एकच आधार क्रमांक निघाल्याच्या बातम्या आल्या. चर्चा झाली ती पैसे कधी येणार याची. झेरॉक्सचे गठ्ठे कुठे गेले, हे कोणी विचारले नाही. काम संपल्यावर ते नष्ट करायचे की ठेवायचे, ठेवायचे तर कोणाच्या ताब्यात, हे केंद्रचालकालाही धड माहीत नव्हते. त्याच वर्षी नोव्हेंबरात माहितीच्या अधिकारातल्या एका उत्तरातून कळले, की केंद्र आणि राज्य सरकारांच्या सुमारे 210 संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची नावे, पत्ते आणि आधार क्रमांक उघड्यावर होते. म्हणजे हॅकर लागलाच नाही, योजनेची यादीच पुरली.

नंतर योजना येत गेल्या आणि गठ्ठे वाढत गेले. 2019 ची पीएम किसान, त्याच वर्षाअखेरची दुसरी कर्जमुक्ती (तिच्यात केंद्रावर जाऊन अंगठा देऊन प्रमाणीकरण), कापूस खरेदी केंद्रावरची नोंदणी, महिला गटांना कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांचे फॉर्म, 2024 ची लाडकी बहीण. 2023 मध्ये एक रुपयात पीकविमा आला, तेव्हा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर विमा उतरवल्याचे प्रकार राज्यात उघडकीला आले. मालकाला पत्ता नाही आणि त्याच्या वावरातला कापूस कागदावर भलत्याच्याच नावाने बुडालेला.

आधार क्रमांक नुसता कोणाला कळल्याने काही बिघडत नाही, ही अधिकृत भूमिका सुरुवातीपासूनची. जानेवारी 2018 मध्ये 500 रुपयांत कोणाच्याही आधारचा तपशील मिळतो असे एका वृत्तपत्राने छापले. आधी बातमीदारावरच गुन्हा दाखल झाला आणि काही दिवसांतच खऱ्या क्रमांकाऐवजी देता येईल असा 16 अंकी आभासी क्रमांक जाहीर झाला. जुलैत एका नियामक संस्थेच्या प्रमुखाने स्वतःचा आधार क्रमांक सार्वजनिक करून ‘काय नुकसान करता ते करा’ असे आव्हान दिले. लोकांनी त्यांचा मोबाइल नंबर, पत्ता वगैरे शोधून काढला, कोणी खात्यात एक रुपया टाकून दाखवला. वर आधार देणाऱ्या प्राधिकरणाने (यूआयडीएआय) जनतेला सांगितले की असले प्रयोग करू नका. धोका नसेल तर करू नका का, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता.

याच दुटप्पीपणाचा कळस मे 2022 मध्ये झाला. तो प्रसंग शहरात विनोदाचा विषय होऊन विरला, पण खेड्यातल्या माणसाच्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातला तोच सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे, म्हणून जरा थांबून पाहू.

27 मे रोजी प्राधिकरणाच्या बंगळूरच्या प्रादेशिक कार्यालयाने एक पत्रक काढले. आधारची झेरॉक्स कोणत्याही संस्थेला देऊ नका, तिचा गैरवापर होऊ शकतो. द्यायचीच तर शेवटचे चार अंक दिसणारे ‘मास्क्ड आधार’ द्या. परवाना नसलेल्या हॉटेलांना, चित्रपटगृहांना प्रती गोळा करायचा अधिकार नाही. सायबर कॅफेत ई-आधार डाउनलोड करू नका, केलेच तर ती फाइल कायमची पुसून टाका. साधे, कामाचे सल्ले. 29 मे रोजी, म्हणजे दोन दिवसांत, केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने पत्रक मागे घेतले. कारण दिले की त्याचा चुकीचा अर्थ लावला जाऊ शकतो. लोकांनी आधार वापरताना आणि देताना ‘नेहमीची सावधगिरी’ बाळगावी म्हणजे झाले.

मागे घेण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे असे, की पत्रक फोटोशॉप केलेल्या आधारच्या संदर्भात होते. ते तसेच राहिले असते तर लोक रेशन दुकानात, शाळेत, बँकेत कागद द्यायला कचरले असते आणि गरिबाचेच काम अडले असते. यात तथ्य नाही असे नाही. धारणीच्या एखाद्या आश्रमशाळेत प्रवेशाच्या दिवशी बापाने ‘झेरॉक्स देत नाही’ म्हटले, तर हसे बापाचे होणार, शाळेचे नाही.

पण पत्रक मागे घेताना नेमके काय मागे घेतले गेले? झेरॉक्सचा गैरवापर होतो हे वाक्य खोटे ठरले नाही. मास्क्ड आधारची सोय 2018 पासून होती, ती पुढेही चालू राहिली. मागे गेला तो नकार देण्याचा आधार. ते पत्रक हातात असते, तर सिम विकणाऱ्या पोराला किंवा गटाच्या कर्जाचा फॉर्म भरून घेणाऱ्या एजंटला ‘सरकारच देऊ नका म्हणते’ असे सांगता आले असते. ‘नेहमीची सावधगिरी’ म्हणजे काय, हे कुठेच लिहिलेले नाही. ती पाळायची जबाबदारी मात्र झेरॉक्स देणाऱ्यावर आली, घेणाऱ्यावर काहीच नाही. हा निर्णय चुकला असे म्हणायला फार वाट पाहावी लागली नाही. हॉटेले, कार्यक्रमांचे आयोजक यांनी झेरॉक्स घेऊन ठेवू नये, क्यूआर कोड तपासावा, असा नियम आणत असल्याचे 2025 च्या अखेरीस प्राधिकरणाच्याच वरिष्ठांनी सांगितले. साडेतीन वर्षांत किती प्रती कोणाकोणाच्या कपाटात गेल्या, त्याचा हिशेब कोण देणार?

तोवर घरी पाळता येईल अशी पद्धत एकच : प्रतीवर आडवी सही, तारीख आणि ‘फक्त अमुक कामासाठी’ असे लिहून देणे. पेनाने, अक्षरांवरून जाईल असे. चोरी थांबेलच असे नाही, पण तीच प्रत दुसऱ्या फॉर्मला लावणे अवघड होते आणि पुढे तक्रार झालीच तर कागद कुठून फुटला ते दाखवता येते.

क्रमांकापेक्षा अंगठा जास्त महागात पडला. गावात बँकेची शाखा नसेल तिथे बँक मित्राच्या (बँकेच्या गावातल्या प्रतिनिधीच्या) यंत्रावर आधार क्रमांक आणि अंगठा दिला की पैसे निघतात. एका वेळी 10,000 रुपयांपर्यंत, ओटीपी नाही, पिन नाही. खाते आधारला जोडलेले असले की ही सोय बहुधा न मागता चालू असते. 2018 मध्ये वर्धा-प्राणहितेपलीकडच्या तेलंगणात एकाने जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे ठसे उतरवून त्यांचे रबरी शिक्के केले आणि सिम कार्डे चालू केली. 2023 मध्ये हरियाणा आणि कर्नाटकातून अशाच दस्तांवरच्या ठशांनी खाती रिकामी झाल्याची प्रकरणे पुढे आली. त्या वर्षी फेब्रुवारीत प्राधिकरणाने बोट जिवंत आहे की नकली हे ओळखणारी तपासणी आणली. यंत्र चालवणाऱ्यांची झाडाझडती मात्र खूप उशिरा आली. जून 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने काढलेले नियम 1 जानेवारी 2026 पासूनचे आहेत. त्यानुसार तीन महिने यंत्र बंद ठेवलेल्या चालकाची ओळख नव्याने तपासूनच ते पुन्हा चालू करायचे.

यावर सर्वांत पक्का उपाय म्हणजे बायोमेट्रिक लॉक. आधारच्या अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर ठसे कुलूपबंद करता येतात. मग कोणी नकली अंगठा लावला तरी यंत्रावर 330 हा एरर कोड येतो आणि व्यवहार होत नाही. शहरी लेखांत हा उपाय दोन ओळींत संपतो. गावात तिथूनच भानगड सुरू होते. महिन्याच्या रेशनला ई-पॉसवर अंगठा लागतो. आधीच वेचणीच्या दिवसांत बोंडांच्या टोकांनी बोटे फाटलेली असतात, ‘अंगठा येऊनच नाही राहिला’ हे दुकानात रोजचे ऐकू येते. त्यात लॉक लावलेला असेल तर दुकानदारही चक्रावतो. लॉक दहा मिनिटांपुरता उघडता येतो, आपोआप परत लागतो. पण त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल हाताशी हवा. तो घरातल्या कर्त्याच्या खिशात आणि कर्ता वावरात, किंवा जोडलेला नंबर रिचार्जअभावी कधीच बंद झालेला. म्हणून लॉकच्या आधी करायचे काम म्हणजे आधार केंद्रावर जाऊन चालू नंबर जोडून घेणे. पूर्वी याला 50 रुपये लागत, ऑक्टोबर 2025 पासून 75. बाकीची सगळी साधने या 75 रुपयांवर उभी आहेत.

त्यातले सर्वांत दुर्लक्षित साधन 6 जुलै 2017 चे. रिझर्व्ह बँकेच्या त्या परिपत्रकाप्रमाणे, चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, माहिती तिसरीकडूनच फुटली, अशा वेळी बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकाचा एक रुपयाही जात नाही. चार ते सात दिवसांत कळवले तर जनधनसारख्या मूलभूत खात्यावर जास्तीत जास्त 5,000 रुपयांची झळ, साध्या बचत खात्यावर 10,000. त्यापुढे बँकेचे धोरण काय असेल ते. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची, आणि ग्राहकाचीच चूक होती हे सिद्ध करणे बँकेचे काम. त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांनाही हे लागू झाले. पतसंस्था या छत्राखाली येत नाहीत.

नियम चांगला आहे. पण तो गृहीत धरतो की मेसेज पोचतो. मेसेज जुन्या नंबरवर गेला तर पैसे गेल्याचे कळते ते पासबुक भरायला तालुक्याला गेल्यावर, बहुधा बाजाराच्या दिवशी, आणि तेव्हा काउंटरवर ‘तुम्हीच अंगठा दिला असेल, काका’ असे उत्तर मिळते. तिथे तोंडी बोलून परत येऊ नये. लेखी अर्ज, पोच म्हणून शिक्का, आणि त्याआधीच 1930 वर फोन. ही हेल्पलाइन 2021 मध्ये 155260 या नंबरने सुरू झाली, पुढे नंबर बदलला. पैसा पुढच्या खात्यात अडवायचा असेल तर पहिले काही तास मोलाचे असतात.

सिमच्या बाबतीत 2023 च्या मे महिन्यात आलेल्या ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसते. मर्यादा नऊची. कर्जाबाबत, सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा, हा नियम जानेवारी 2017 पासून आहे. कोणी आपला अहवाल पाहिला की मेसेज यायला हवा, हा एप्रिल 2024 पासून. अमेरिकेत 2018 पासून कोणालाही स्वतःचा पत-अहवाल फुकटात गोठवता येतो. आपल्याकडे कायद्याने दिलेली तशी सोय नाही, त्यामुळे त्या धर्तीचे जे सल्ले फिरतात ते इथे निरुपयोगी. लहान वित्तसंस्थेचे गटकर्ज आपल्या नावावर कोणी उचलले का, हे अहवालातूनच कळेल.

कायद्याचे चित्र अजून अर्धवट आहे. 2023 च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात सुरक्षा न राखणाऱ्याला 250 कोटींपर्यंत दंड आहे, पण तो सरकारी तिजोरीत जातो. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई मागता यावी म्हणून माहिती तंत्रज्ञान कायद्यात असलेले 43 अ कलम नव्या कायद्याने काढून टाकायचे ठरले आहे. उलट खोटी तक्रार करणाऱ्या नागरिकाला 10,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद मात्र आहे. नियम आले नोव्हेंबर 2025 मध्ये, आणि बहुतेक बंधने त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होणार. तेव्हापासून माहिती फुटली की संबंधित संस्थेने प्रत्येक बाधित व्यक्तीला विनाविलंब कळवायचे आहे, नोंदवलेल्या संपर्कावर. 2017 पासून भरलेल्या कितीतरी अर्जांत तो संपर्क म्हणून केंद्रचालकाचाच मोबाइल नंबर टाकलेला आहे.