हरवलेलं सोनं शोधताना लोहचुंबक कसा वापरावा

आमच्याकडे मेटल डिटेक्टर (धातू शोधणारं मशीन) भाड्याने न्यायला आलेले ग्राहक सोबतचा लोहचुंबक पाहून विचारतात, "याला सोनं चिकटतं का?" नाही. सोनं, चांदी, तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, काहीच चिकटत नाही. चिकटतं ते लोखंड, आणि आपल्याकडे शोधाची खरी अडचण लोखंडाचीच असते.

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत छाटणीच्या वेळी अंगठी किंवा मंगळसूत्राची वाटी पडली, की ती मांडवाच्या तारेच्या तुकड्यांत आणि गंजलेल्या खिळ्यांत जाते. मशीन पावलापावलाला वाजतं. मग कंटाळून लोखंड वगळायचं सेटिंग पूर्ण वर नेलं जातं. कृपा करून तसं करू नका. खिळ्याला लागून पडलेली अंगठी खिळ्याबरोबर गप्प होते.

मशीन वाजलं की खुरप्याने चार बोटं माती सैल करा आणि चुंबक फिरवा. तार निघाली तर ती बाजूला टाकून पुन्हा कॉइल, म्हणजे मशीनची खालची गोल तबकडी, फिरवा. चुंबक मात्र कॉइलपासून लांब ठेवा. आवाज थांबला तर पुढे सरका. आवाज तसाच राहिला, तर चाळणी घेऊन बसाच. खाली सोनं असेल, नाहीतर गोळ्यांच्या पाकिटाची पन्नी. त्या दोन्हींचा आवाज बरेचदा सारखा येतो आणि तिथे चुंबकाचा उपयोग नाही. मांडवाच्या लोखंडी खांबाच्या, म्हणजे अँगलच्या, अगदी बुडाशी मशीन वाजणारच, तिथे हातानेच चाचपा.

चुंबक उघडा वापरू नका, दुधाच्या रिकाम्या पिशवीत घाला. आपली काळी माती बेसाल्टची, तिच्यात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. दोन फेऱ्यांत चुंबकाला काळ्या मिशा फुटतात आणि उघड्या चुंबकावरून त्या खरवडून निघत नाहीत. पिशवीतून चुंबक ओढून घेतला की सगळं खाली गळतं. ते पाटीत पाडा आणि फेकण्याआधी बोटांनी उलगडून पाहा. गेल्या गोडी छाटणीला (फळासाठीच्या छाटणीला) एका ताईंची कानातली बाळी आम्हाला अशीच तारेच्या गुंत्यात मिळाली. गुंता बांधावर टाकूनही झाला होता.

सापडलेली साखळी फक्त कडीपाशी चिकटली तर घाबरू नका, कडीत पोलादी स्प्रिंग असते. आणि अजिबात चिकटली नाही म्हणून ती सोन्याची ठरत नाही, पितळही चिकटत नाही. खात्री सराफ बाजारातच करून घ्या.

गोदावरीच्या वाळूत सोन्याचे कण शोधण्यासाठी मशीन मागणाऱ्यांना आम्ही भाडं घेण्याआधीच सांगतो: इथला खडक लाव्ह्याचा आहे, सोन्याच्या खाणी कर्नाटकात, हट्टीकडे. जुनं पुरलेलं धन सापडलं, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांच्या वरची ठेव जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. पांडवलेणीसारख्या संरक्षित जागी मशीन नेऊ नका.

पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने आमचा निओडिमियम चुंबक हाताळू नये. एटीएम कार्डही त्याच्यापासून दूर ठेवा. गाडीच्या तापलेल्या डॅशबोर्डवर तो ठेवू नका, साधारण ८० अंशांच्या पुढे त्याची ताकद कायमची कमी होते.

चुंबक आणि चाळणी मशीनसोबतच मिळतात, वेगळं भाडं नाही. दागिना पडल्याचं लक्षात आलं की आधी आम्हाला फोन करा. शोध होईपर्यंत त्या ओळीत रोटाव्हेटर फिरवू नका.