कामगार नेमकं काय विकतो?

कार्ल मार्क्सच्या 'भांडवल' या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडाचं शेवटचं, बावन्नावं प्रकरण जेमतेम दीड पानाचं आहे. नाव 'वर्ग'. मार्क्स सुरुवात ठामपणे करतो : आधुनिक समाजात तीन मोठे वर्ग आहेत, मजुरीवर जगणारे, नफ्यावर जगणारे आणि जमिनीच्या खंडावर जगणारे. मग स्वतःलाच विचारतो की वर्ग ठरतो तरी कशावरून? उत्पन्न कुठून येतं त्यावरून म्हणावं, तर डॉक्टर आणि सरकारी अधिकारी हेही दोन वेगळे वर्ग ठरतील. द्राक्षमळ्यांचे मालक निराळे, जंगलांचे निराळे, खाणींचे निराळे. आणि इथे मार्क्सचा सहकारी आणि या खंडाचा संपादक एंगल्स याची टीप येते : हस्तलिखित इथे तुटतं.

हा खंड छापून आला १८९४ मध्ये, मार्क्सच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी. त्यामुळे मरणानेच त्याची लेखणी अडवली असा समज होतो. पण हा मजकूर १८६५च्या सुमाराचा आहे. पुढे सतरा-अठरा वर्षं हयात असूनही त्याने हे प्रकरण पुरं केलं नाही. वर्गांचा शोध आपण लावल्याचा दावाही त्याने कधी केला नव्हता. १८५२ मधल्या एका पत्रात तो स्पष्ट लिहितो की ते श्रेय आपलं नाही, बूर्ज्वा, म्हणजे भांडवलदारी विचारांच्या, इतिहासकारांनी आणि अर्थशास्त्रज्ञांनी हे काम आधीच करून ठेवलं आहे.

त्यांतला पहिला ठळक प्रयत्न फ्रान्समधला. पंधराव्या लुईच्या दरबारातला वैद्य फ्रांस्वा केने याने १८व्या शतकाच्या मध्यावर, १७५८ मध्ये, देशाच्या संपत्तीचं अभिसरण एका तक्त्यात मांडलं. त्याच्या हिशेबात वर्ग तीन : शेती करणारा उत्पादक वर्ग, जमीनमालक, आणि कारागीर-व्यापाऱ्यांचा 'वांझ' वर्ग. निव्वळ वाढावा, म्हणजे खर्च वजा जाऊन उरणारं उत्पन्न, देते ती फक्त जमीन, बाकीचे आहे त्या मालाचं रूप बदलतात, असं त्याचं म्हणणं. आज हे विचित्र वाटतं. पण समाज म्हणजे मानमरातबाची उतरंड ही जुनी कल्पना मोडून, वाढावा कोण निर्माण करतो आणि कोणाच्या हाती जातो या प्रश्नावर माणसांची विभागणी इथे झाली. पुढचे सगळे वाद याच प्रश्नाभोवती फिरतात.

अॅडम स्मिथने १७७६ मध्ये उत्तर बदललं. जमीन नव्हे, श्रम. भांडवल साठण्याआधीच्या, जमीन खासगी होण्याआधीच्या काळात श्रमाचं सगळं फळ श्रम करणाऱ्याचंच होतं, असं तो लिहितो. बीव्हर मारायला हरणाच्या दुप्पट वेळ लागत असेल तर एका बीव्हरला दोन हरणं मिळणार. पुढे जमीनमालक खंड मागू लागला, भांडवल पुरवणारा नफा मागू लागला, आणि त्या फळाचे तीन वाटे झाले. स्मिथ याला लूट म्हणत नाही, पण त्याचं निरीक्षण बोचरं आहे. मालक मंडळी मजुरी वाढू न देण्यासाठी एकमेकांशी मूकपणे, पण कायमची हातमिळवणी करून असतात, हे तो सांगतो. एकही कामगार न लावता मालक वर्ष-दोन वर्षं सहज काढेल, पण कामाशिवाय आठवडाभर तग धरू न शकणारे कामगार पुष्कळ, महिनाभर धरणारे थोडे, वर्षभर धरणारे जवळपास कुणीच नाहीत. बाजाराचा आद्य पुरस्कर्ता म्हणून ज्याची तसबीर लावली जाते, त्याच्या ग्रंथाचा हा भाग फारसा कुणी वाचून दाखवत नाही.

डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये अर्थशास्त्राचा मुख्य प्रश्नच तीन वर्गांतली वाटणी हा ठरवला. मात्र त्याचा रोख कारखानदारावर नव्हता. इंग्लंडमध्ये १८१५च्या कायद्याने परदेशी धान्य अडवलं होतं. धान्य महागलं की मजुरी वाढवावी लागते, मजुरी वाढली की नफा घटतो, आणि काहीही न करता जमीनदाराचा खंड वाढत जातो, ही त्याची तर्कसाखळी. रिकार्डो शेअरबाजारात पैसा मिळवून स्वतः मोठा जमीनदार झाला होता. जमिनीचा खंड खाणारे रिकार्डो खंडाला कमी लेखतात आणि एक पैचा खंड न मिळणारा मी त्याची बाजू घेतो, हा काय योग, असं त्याचा मित्र आणि विरोधक माल्थस याने लिहून ठेवलं आहे.

तर वस्तूचं मूल्य तिच्यात खर्ची पडलेल्या श्रमावर ठरतं हा सिद्धांत जमीनदारांविरुद्ध, व्यापारी-कारखानदारांच्या सोयीसाठी घासून-पुसून तयार झाला. तो उलटा फिरायला फार काळ लागला नाही. १८२५ मध्ये थॉमस हॉजस्किन या माजी नौदल अधिकाऱ्याने एक पुस्तिका काढली. इंग्लंडमध्ये कामगार संघटनांवरची बंदी आदल्याच वर्षी उठली होती आणि ती परत लादण्याची खटपट चालू होती. हॉजस्किनचा युक्तिवाद साधा : मूल्य श्रमातून येतं हे तुम्हीच म्हणता, मग भांडवलाचा वाटा कशाबद्दल? यंत्रही कुणाच्या तरी श्रमानेच घडलं, आणि आज ते चालतं तेही श्रमानेच. गंमत अशी की हाच माणूस पुढे 'द इकॉनॉमिस्ट' या खुल्या व्यापाराच्या कैवारी साप्ताहिकासाठी लिहू लागला.

याच सुमारास फ्रान्समध्ये 'शोषण' या शब्दाला आजचा अर्थ मिळत होता. मराठी शब्दात रक्त शोषून घेण्याचा भाव मुळातच आहे. फ्रेंच शब्द मात्र निरुपद्रवी होता. खाण चालवणं, शेत कसणं, जंगलातून लाकूड काढणं या सगळ्याला तोच शब्द. सें-सिमों या फ्रेंच समाजचिंतकाच्या अनुयायांनी १८२८-२९च्या व्याख्यानांत तो माणसाला लावला : माणसाने माणसाला खाणीसारखं राबवणं थांबावं, आणि सगळ्यांनी मिळून पृथ्वीला राबवावं. (पृथ्वीचं काय, हा प्रश्न तेव्हा कुणाला सुचला नाही.) त्यांच्यासाठी समाजाची मुख्य फाळणी कष्टकरी आणि ऐतखाऊ अशी होती, आणि कारखानदार, बँकवाले हे कष्टकऱ्यांत मोडत. १८४० मध्ये फ्रेंच विचारवंत प्रूदों याने आणखी एक मुद्दा घातला, आणि माझ्या मते तो अजूनही पुरेसा चर्चिला गेलेला नाही. दोनशे सैनिकांनी पॅरिसमधला लक्सरचा स्तंभ काही तासांत उभा केला. एकट्या माणसाला तो दोनशे दिवसांत उभा करता आला असता का? मालक दोनशे जणांची दोनशे रोजंदारी चुकती करतो, पण दोनशे जण एकत्र आल्याने जी ताकद निर्माण झाली तिचे पैसे कुणालाच मिळत नाहीत.

या सगळ्या मांडण्यांत एक अडचण होती. कामगाराला त्याच्या श्रमाचं पुरं मोल मिळत नसेल, तर त्याला कुठेतरी फसवलं जात असणार. पण रोज, सगळीकडे, सगळेच फसवले जातात हे काही पटण्यासारखं नाही. मार्क्सचं खरं योगदान इथे आहे. १८६७ मध्ये 'भांडवल'च्या पहिल्या खंडात तो म्हणतो की फसवणूक अजिबात होत नाही. कामगार श्रम विकतच नाही. तो विकतो श्रमशक्ती, म्हणजे दिवसभर काम करण्याची क्षमता. तिची किंमत इतर कुठल्याही मालासारखी ठरते, ती पुन्हा उभी करायला लागणाऱ्या खर्चावरून, म्हणजे त्याच्या कुटुंबाच्या जगण्याच्या खर्चावरून. तो खर्च सहा तासांत भरून निघत असेल आणि दिवस बारा तासांचा असेल, तर उरलेले सहा तास मालकाचे. हेच वरकड मूल्य. खरेदीदाराचं हे नशीब, पण विकणाऱ्यावर अन्याय मुळीच नाही, असं तो मुद्दाम, थोड्या कुत्सितपणे लिहितो.

विकली क्षमता, वापर किती होणार ते ठरलेलं नाही. म्हणून भांडण मजुरीच्या दराइतकंच दिवसाच्या लांबीवर होतं. कामाच्या दिवसावरचं प्रकरण मार्क्सने ब्रिटिश कारखाना निरीक्षकांच्या सरकारी अहवालांवर उभं केलं आहे आणि ते पुस्तकातलं सर्वांत जिवंत प्रकरण आहे. सकाळी पाच मिनिटं आधी यंत्र सुरू करायचं, जेवणाच्या सुट्टीतून पाच-दहा मिनिटं कापायची, संध्याकाळी थोडं उशिरा थांबवायचं. निरीक्षक याला मिनिटांची भुरटी चोरी म्हणत. स्त्रिया आणि अल्पवयीन कामगारांसाठी १८४७ मध्ये दहा तासांचा कायदा झाला, त्यामागे दिवसाच्या लांबीचंच भांडण होतं.

सिद्धांताची कमजोर बाजू दुसरीकडे होती. सगळ्या धंद्यांत नफ्याचा दर सारखा व्हायचा असेल, तर वस्तू त्यांच्यातल्या श्रमाच्या प्रमाणात विकल्या जाऊ शकत नाहीत, कारण कुठे यंत्रं जास्त तर कुठे माणसं. मार्क्सला हे ठाऊक होतं, तिसऱ्या खंडात त्याने तोड काढली. ऑस्ट्रियाचा अर्थमंत्री राहिलेला ब्योम-बावर्क याने १८९६ मध्ये ती उसवली : तिसरा खंड पहिल्याला खोटं पाडतो. त्याआधीच, १८७१ मध्ये, जेव्हन्स आणि मेंगर या अर्थतज्ज्ञांनी मूल्याचा उगम श्रमातून काढून ग्राहकाच्या गरजेत नेला होता. अमेरिकेत जॉन बेट्स क्लार्कने १८९९ मध्ये मजुरीचा नवा नियम दिला : स्पर्धा पुरी असेल तर शेवटचा कामगार उत्पादनात जेवढी भर घालतो, तेवढीच मजुरी सगळ्यांना मिळते. क्लार्क इथे भाबडा नव्हता. कामगारांना त्यांनी निर्माण केलेलं मिळत नाही हा आरोप खरा ठरला, तर प्रत्येक सरळ माणसाने समाजवादी व्हायला हवं, असं तोच सुरुवातीला मान्य करतो. मग तो आरोप खोटा असल्याचं दाखवायला बसतो. यंत्र उत्पादनात भर घालतं हे मान्य केलं, तरी यंत्राच्या मालकाने काय केलं, हा हॉजस्किनचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

समाजशास्त्रात मॅक्स वेबरने वर्गाला बाजारातल्या संधीशी जोडलं आणि प्रतिष्ठा, पक्ष यांना वेगळं काढलं. त्यामुळे वर्गाची चर्चा शोषणाशिवायही करता येऊ लागली. सोय झाली, धार गेली.

मार्क्सच्या गणिताची डागडुजी विसाव्या शतकात जपानी अर्थतज्ज्ञांनी केली. ओकिशिओ आणि मोरिशिमा यांनी सिद्ध केलं की नफा असतो तिथे वरकड श्रम असतातच, आणि वरकड श्रम असतील तर नफा असतोच. पण लवकरच लक्षात आलं की श्रमाच्या जागी पोलाद किंवा ऊर्जा ठेवली तरी गणित तसंच सुटतं. म्हणजे पोलादाचंही शोषण होतं म्हणायचं का? १९८२ मध्ये अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉन रोमरने मूल्याचा सिद्धांतच बाजूला ठेवला. स्पर्धेच्या बाजारात कोण कोणाला कामावर ठेवतं याने फरक पडत नाही, असं अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युएलसन १९५७ मध्ये म्हणाला होता, मार्क्सला चिमटा म्हणून. रोमरने ते खरं मानूनच दाखवलं की कामगारांनी भांडवल व्याजाने घेऊन स्वतःच धंदा केला तरी तेच शोषण आणि तेच वर्ग निर्माण होतात. मूळ मालमत्तेच्या विषम वाटपात आहे, कारखान्याच्या दारात नाही. त्याच काळात समाजशास्त्रज्ञ एरिक ओलिन राइट व्यवस्थापक आणि तज्ज्ञांच्या दुहेरी, म्हणजे धड कामगार नाही धड मालक नाही अशा, स्थानाचा हिशेब मांडत होता. बावन्नाव्या प्रकरणातले डॉक्टर आणि अधिकारी शेवटी त्याच्या पदरात पडले.

रोमरचं प्रमेय देखणं आहे, पण त्यात कामाचा दिवसच नाहीसा होतो. त्याच्या जगात कामगार जे कबूल करतो ते बिनबोभाट देतो. मग मुकादम कशाला लागतो? पोलिश अर्थतज्ज्ञ कालेत्स्कीने १९४३ मध्येच लिहिलं होतं की कायमची पूर्ण रोजगारी आली तर कामावरून काढण्याच्या धमकीचा धाक उरणार नाही, म्हणून उद्योगपतींना ती नको असते. १९८४ मध्ये शपिरो आणि स्टिगलिट्झ या अर्थतज्ज्ञांनी जवळपास हीच गोष्ट मुख्य प्रवाहाच्या समीकरणांत बसवली आणि बेरोजगारीला शिस्तीचं साधन म्हटलं. श्रम आणि श्रमशक्ती यांतला फरक श्रममूल्याचा सिद्धांत कोसळल्यावरही टिकला, तो असा.

दुसरा धागा इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठाचा. तिथल्या अर्थतज्ज्ञ पिगूने १९२० मध्ये क्लार्कचंच माप घेऊन शोषणाची व्याख्या केली : कामगार घालत असलेल्या भरीपेक्षा कमी मजुरी. हे घडतं कसं, ते जोन रॉबिन्सनबाईंनी १९३३ मध्ये मांडलं. कामगार घेणारा एकच असेल तर तो मजुरी दाबू शकतो. या स्थितीला त्यांनी दिलेलं 'मोनॉप्सनी' हे नाव ग्रीक जाणणाऱ्या एका सहकाऱ्याने सुचवलं होतं. अनेक दशकं पाठ्यपुस्तकांत हे एका कोपऱ्यात पडून राहिलं. मग एप्रिल १९९२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. कार्ड आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी तिथली आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातली ४१० फास्ट-फूड दुकानं तपासली, तर नोकऱ्या घटलेल्या दिसल्या नाहीत. वाद अजून शमलेला नाही, पण मजुरी आणि भर यांच्यामधली तफावत मोजणं हे आता अर्थशास्त्रातलं मान्यताप्राप्त काम झालं आहे. शोधनिबंधांत त्या तफावतीला बहुतेक वेळा 'मार्कडाउन' म्हणतात. पिगूने तिलाच शोषण म्हटलं होतं.