टेप लूप

टेप लूप : ध्वनिमुद्रित फितीचा तुकडा कापून त्याची दोन टोके एकमेकांना जोडल्यावर तयार होणारे बंद वलय. ते टेपरेकॉर्डरवर चढवले की यंत्र बंद करेपर्यंत तेच मुद्रण आवर्तनामागून आवर्तन वाजत राहते. विसाव्या शतकातल्या प्रयोगशील संगीताची बरीच तंत्रे जाणकारांपुरतीच राहिली. टेप लूपने मात्र सामान्य श्रोत्यांनाही ओढून घेतले. स्टीव्ह राइश यांची ‘इट्स गॉना रेन’ (१९६५), ब्रायन ईनो यांची ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ (१९७८) आणि विल्यम बझिन्स्की यांची ‘द डिसइंटिग्रेशन लूप्स’ (२००२ पासून प्रकाशित) ही नावे श्रोत्यांच्या आवडीच्या याद्यांत वारंवार येतात. याचे कारण सरळ आहे. या रचना घडवणारी यांत्रिक क्रिया कानाला जशीच्या तशी ऐकू येते. स्वरलिपी किंवा सिद्धांत ठाऊक नसला तरी दहा मिनिटे लक्ष देऊन ऐकणाऱ्याला काय बदलते आहे ते कळू लागते.

फितीच्या आधी तबकडी होती. पॅरिसमध्ये फ्रेंच रेडिओवर काम करणारे पिएर शेफेर यांनी १९४८ मध्ये बंद खाच असलेल्या तबकड्या वापरल्या. सुई त्याच खाचेत फिरत राही. मिनिटाला ७८ फेरे या वेगाने एक आवर्तन जेमतेम ०.७७ सेकंदाचे होई आणि ते वाढवायला वाव नव्हता. चुंबकीय फितीने हे बंधन उठवले, कारण वलय हवे तेवढे लांब करता येते.

लांबी काढायची ती वेग गुणिले वेळ अशी. सेकंदाला १९.०५ सेंमी. वेगाने चार सेकंदांच्या आवर्तनाला ७६.२ सेंमी. फीत लागते, ३८.१ सेंमी. वेगाने याच्या दुप्पट. एवढे वलय यंत्राच्या अंगावर मावत नाही, म्हणून ते बाहेर काढून एखाद्या गुळगुळीत दांड्याभोवती फिरवतात. मायक्रोफोनचा स्टँड, काचेची बाटली, नुसती पेन्सिलही चालते. बीटल्सच्या ‘टुमॉरो नेव्हर नोज’साठी (१९६६) ॲबी रोड स्टुडिओतल्या कर्मचाऱ्यांनी पाच वलये पेन्सिलींवर ताणून धरली होती. फीत ओढण्याचे काम कॅप्स्टन (फिरणारा धातूचा बारीक दांडा) आणि त्यावर दाबणारा रबरी रोलर करतात, स्पूलची गरज नसते. काही यंत्रांत मात्र फितीचा ताण गेला की यंत्र आपोआप थांबते. तिथे ताण मोजणारा दांडा रबरबँडने ओढून धरावा लागतो.

सांधा : लूपचे यश सांध्यावर ठरते. फीत हाताने मागेपुढे सरकवत नेमका आवाज वाजवणाऱ्या हेडसमोर (फितीवरचे मुद्रण वाचणाऱ्या भागासमोर) आणायचा आणि फितीच्या पाठीवर मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची. मग फीत सांधणीच्या ठोकळ्यातल्या खाचेत बसवून ४५ अंशांच्या फटीतून ब्लेडने एकाच झटक्यात कापायची. दुसरे टोकही त्याच कोनात कापायचे. दोन्ही टोके एकमेकांना भिडवायची, मात्र एकावर एक चढू द्यायची नाहीत. पाठीकडून सांधणीची खास चिकटपट्टी लावायची आणि नखाने घासून आतली हवा काढायची. साधी पारदर्शक चिकटपट्टी वापरू नये. तिचा गोंद पाझरून हेडवर आणि रोलरवर बसतो.

तिरप्या कापामागे हिशेब आहे. ६.३५ मिमी. रुंदीच्या फितीवर ४५ अंशांचा काप लांबीच्या दिशेनेही ६.३५ मिमी. पसरतो. १९.०५ सेंमी. वेगाला त्याचे साधारण ३३ सहस्रांश सेकंद होतात. तेवढ्या वेळात एक आवाज उतरतो आणि दुसरा चढतो. सरळ कापात हा बदल एकदम होतो आणि ‘टक्’ असा आवाज येतो. ब्लेडमध्ये चुंबकत्व शिरले असेल, तर तिरप्या कापातही टक् येते. म्हणून ब्लेड आधी विचुंबकित करतात. मागचा गोंगाट सांध्याच्या दोन बाजूंना वेगळा असेल, तर तो खड्डा दर आवर्तनाला जाणवतो. यावर उत्तम उपाय म्हणजे एखाद्या ठळक आघाताच्या किंचित आधी कापणे. आघात सांधा झाकून टाकतो.

ताण कमी पडला तर सूर डोलतो. फार झाला तर फीत कॅप्स्टनवर घसरते आणि तिच्या कडा मुरडतात. जोडताना फितीला अर्धा पीळ पडला, तर एक आवर्तन स्वच्छ वाजते आणि पुढचे दबके. दर दुसऱ्या फेरीला फितीची पाठ हेडकडे येते आणि मधल्या प्लास्टिकच्या जाडीमुळे उच्च कंप्रता (बारीक, वरचे सूर) हेडपर्यंत पोचतच नाहीत.

दोन यंत्रांची फारकत : राइश यांनी १९६४ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये एका धर्मोपदेशकाचे प्रवचन मुद्रित केले होते. त्यातल्या एका वाक्याची दोन सारखी वलये त्यांनी दोन यंत्रांवर लावली. दोन्ही एकत्र सुरू झाली आणि यंत्रांच्या वेगातल्या बारीक फरकाने हळूहळू एकमेकांपासून सुटत गेली. हा योगायोगच राइश यांनी रचनेचा गाभा केला. समजा, वेगात हजारात एक एवढा फरक आहे आणि वलय एका सेकंदाचे आहे. मग दर आवर्तनाला एक सहस्रांश सेकंदाचे अंतर पडते आणि दोन्ही पुन्हा जुळायला सुमारे १७ मिनिटे लागतात. पहिल्या काही फेऱ्यांत आवाज एका कानाकडे सरकल्यासारखा वाटतो, मग जाड होतो, मग प्रतिध्वनी येतो आणि शेवटी दोन वेगळे आवाज एकमेकांचा पाठलाग करू लागतात. हेडफोनवर हा प्रवास सर्वांत स्पष्ट ऐकू येतो. राइश यांनी ‘पियानो फेज’मध्ये (१९६७) हीच फारकत दोन पियानोवादकांच्या हाती दिली.

ईनो यांचा मार्ग उलटा आहे : वलये मुद्दाम वेगवेगळ्या लांबीची ठेवायची. ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’मधल्या गायनाच्या भागात एकेक स्वर एकेका वलयावर आहे. त्यांतल्या तीन वलयांचे काळ ईनो यांनी सांगितले आहेत : २३ १/२, २५ ७/८ आणि २९ १५/१६ सेकंद. ३८.१ सेंमी. वेगाने पहिल्यालाच नऊ मीटरच्या आसपास फीत लागते. जर्मन ध्वनिमुद्रक कॉनी प्लांक यांच्या स्टुडिओत ती धातूच्या खुर्च्यांभोवती फिरवली होती. हे आकडे काटेकोर धरले, तर पहिली दोन वलये पुन्हा एकत्र यायला सुमारे ८१ मिनिटे लागतात, आणि तिन्ही एकत्र यायला जवळजवळ २७ दिवस. म्हणून मोजक्या स्वरांतही ऐकणाऱ्याला पुनरावृत्तीचा कंटाळा येत नाही.

अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांनी १९६३ मध्ये पॅरिसमध्ये वलयाऐवजी एकच फीत दोन यंत्रांतून नेली. पहिले मुद्रण करते, दुसरे वाजवते आणि तो आवाज परत पहिल्याकडे जातो. यंत्रांत दोन मीटर अंतर असेल, तर १९.०५ सेंमी. वेगाला साडेदहा सेकंदांचा विलंब मिळतो. परतीच्या आवाजाची पातळी मूळ आवाजाच्या खालीच ठेवावी लागते. ती ओलांडली की थर वाढत जाऊन सगळे मुद्रण फाटते.

बझिन्स्की यांनी २००१ च्या उन्हाळ्यात १९८० च्या दशकातली आपली जुनी वलये संगणकावर उतरवायला घेतली. फितीवरचा लोहाच्या ऑक्साइडचा लेप धरून ठेवणारा बंधक कमकुवत झाला होता आणि दर फेरीला लेपाचे कण सुटत होते. पाच सेकंदांचे वलय तासाभरात ७२० वेळा हेडवर घासते. असे शेकडो फेरे कमकुवत लेपाला पेलत नाहीत. सुरांत आधी बारीक पोकळ्या पडतात, मग पोकळ्या मोठ्या होतात आणि उरते ती त्यांच्यामधली खरखर. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला न्यूयॉर्कवर उठलेल्या धुराचे त्यांनी ब्रुकलिनच्या गच्चीवरून चित्रण केले आणि ही रचना त्या दिवसाशी कायमची जोडली गेली. तो संदर्भ बाजूला ठेवूनही ती तितकीच भिडते, कारण झीज इतकी सावकाश होते की बदल नेमका केव्हा झाला हे पकडता येत नाही.

आज घरी लूप करणारे बहुतेक जण कॅसेट वापरतात. फीत ३.८१ मिमी. रुंद, वेग सेकंदाला ४.७६ सेंमी.; पाच सेकंदांना २४ सेंमी.च्या आत फीत पुरते. स्क्रूने बंद होणारीच कॅसेट घ्यावी, चिकटवलेली उघडताना तुटते. वलय आखूड झाले तर यंत्र अडकते, लांब झाले तर आत गोळा होते. आवाजावर आवाज चढवायचा असेल, तर पुसणाऱ्या हेडवर चिकटपट्टीचा तुकडा लावून ते झाकतात. जुना आवाज तरीही पूर्ण शाबूत राहत नाही. मुद्रण करणाऱ्या हेडचा उच्च कंप्रतेचा प्रवाह दर फेरीला त्यातला थोडा भाग, विशेषतः तार सुरांकडचा, पुसत जातो. त्यामुळे ठळक ऐकू यायला हवे ते शेवटी मुद्रित करावे.