ट्रकवर चढलेले संगीत : साल्व्हादोरच्या ‘त्रिओ एलेत्रिको’ची पार्श्वभूमी

ब्राझीलच्या बाहिया राज्यात साल्व्हादोर नावाचे जुने बंदर आहे. कार्निव्हलच्या दिवसांत या शहराच्या समुद्राकाठच्या रस्त्यावरून प्रचंड ट्रक माणसाच्या चालीने सरकत असतात. ट्रकच्या चारही अंगांना लाउडस्पीकरच्या भिंती असतात आणि छतावर गायक-गायिका, गिटार, ड्रम, कीबोर्ड असा अख्खा बँड उभा असतो. हे सारे प्रत्यक्ष वाजवले जाते, तासन् तास, थांबत-सरकत. या गाडीला तिथे ‘त्रिओ एलेत्रिको’ म्हणतात. चालत्या वाहनावर संगीत वाजवण्याची परंपरा जगात इतर ठिकाणीही होती. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्समध्ये जाहिरातीसाठी घोडागाडीवरून बँड फिरत. ट्राँबोनवाला गाडीच्या मागच्या फळीवर बसे, म्हणजे वाद्याची पुढे-मागे सरकणारी नळी कोणाला लागत नसे. पण वाहनालाच वाद्य करून टाकण्याचे काम साल्व्हादोरमध्ये झाले, आणि तेही रेडिओ दुरुस्त करणाऱ्या व लोखंडकाम करणाऱ्या दोन मित्रांच्या हातून.

त्याआधीचे साल्व्हादोर समजून घ्यायला हवे. पोर्तुगिजांनी आपल्या वसाहतींत ‘एन्त्रुदो’ हा दांडगाईचा सण नेला. एकमेकांवर पाणी, पीठ, रंग फेकायचे आणि उपवासाचा काळ सुरू होण्याआधी मनसोक्त हुंदडून घ्यायचे, असे त्याचे स्वरूप होते. गोव्यात हाच सण ‘इंत्रुज’ म्हणून रुजला. पणजीच्या कार्निव्हलची आणि साल्व्हादोरच्या कार्निव्हलची नाळ इथे जुळते. एकोणिसाव्या शतकात ब्राझीलमधल्या प्रतिष्ठितांना एन्त्रुदो गावंढळ वाटू लागला. बंदी आली आणि १८८० च्या दशकात साल्व्हादोरमध्ये श्रीमंत क्लबांचे सजवलेले चित्ररथ निघू लागले. पुढे मोटारी आल्या, तशी उघड्या मोटारींची रांग रुआ शिले या उच्चभ्रू रस्त्यावरून फिरू लागली. गाडीतले लोक कागदी फिती उधळत आणि बाकीचे शहर फूटपाथवर उभे राहून बघत असे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांची संख्या या शहरात मोठी होती. पण त्यांनी आपले ढोल घेऊन स्वतःची मिरवणूक काढली की पोलीस आडवे येत.

तरीही त्यांनी मिरवणुका काढल्या. १९४९ मध्ये बंदरावरच्या हमालांनी ‘फिल्योस दे गांधी’, म्हणजे गांधीजींची लेकरे, या नावाचे पथक उभे केले. गांधीजींच्या हत्येला तेव्हा वर्ष झाले होते. अंगाला पांढऱ्या चादरी, डोक्याला टॉवेलची पगडी, आणि सोबत आफ्रिकी देवतांच्या पूजेतला संथ ‘इजेशा’ ताल. पोलिसांच्या डोळ्यांना डोळा भिडवणाऱ्या गोदी कामगारांना शांततेचे प्रतीक म्हणून आपल्याकडचा महात्मा जवळचा वाटला, ही गोष्ट भारतात फार थोड्यांना ठाऊक आहे. ती ठाऊक व्हायला हवी असे मला मनापासून वाटते. हे पथक आजही निघते. त्यांचे संगीत पायी चालत होते. गाडीवरचे संगीत यायला अजून वर्षभराचाच अवकाश होता.

ते दोन मित्र म्हणजे दोदो आणि ओस्मार. दोदो म्हणजे अदोल्फो नासिमेंतो आणि ओस्मार म्हणजे ओस्मार मासेदो. दोदोला रेडिओ आणि विजेच्या कामाची चांगली जाण होती, ओस्मारचा धातुकामाचा कारखाना होता, आणि दोघेही पक्के वाजवणारे होते. १९४२ च्या सुमारास साल्व्हादोरमध्ये एका गिटारवादकाने विजेवर आवाज वाढवलेली गिटार वाजवून दाखवली. हे दोघे ऐकायला गेले आणि तिचे दुखणे त्यांना लगेच कळले. पोकळ लाकडी पेटीत मायक्रोफोन बसवला की लाउडस्पीकरचा आवाज पेटीवर आदळून ती स्वतःच कंप पावते, तो कंप पुन्हा मायक्रोफोनमध्ये जातो, आणि कानठळ्या बसवणारी ‘कुईं’ सुरू होते. यावर दोदो-ओस्मार यांनी शोधलेला उपाय अगदी मुळावर घाव घालणारा होता. त्यांनी पेटीच काढून टाकली. भरीव लाकडाच्या ओंडक्यावर तारा ताणल्या, खाली तारांचा कंप विजेत बदलणारा चुंबकीय पिकअप बसवला. कंप पावायला पोकळी उरली नाही, तशी कुईंही थांबली. या वाद्याला लोक ‘पाऊ एलेत्रिको’, विजेचा दांडका, म्हणू लागले. अमेरिकेत लेस पॉल हा गिटारवादक त्याच सुमारास भरीव ओंडक्याची गिटार करून पाहत होता, पण साल्व्हादोरच्या कारखान्यात जे घडले ते स्वतंत्रपणे घडले. छोट्या गळ्याचे हे वाद्य पुढे ‘गितारा बायाना’, बाहियाची गिटार, म्हणून प्रसिद्ध झाले.

मग १९५० साल आले. ब्राझीलच्या ईशान्येकडील रेसिफे शहरातले ‘व्हासोऊरिन्यास’ हे नावाजलेले कार्निव्हल मंडळ बोटीने रिओला निघाले होते. वाटेत साल्व्हादोरला उतरून त्यांनी शहरातून फेरी काढली. पितळी वाद्यांचा ताफा होता आणि संगीत होते ‘फ्रेव्हो’, म्हणजे धावत्या लयीतले, पायांना उसंत न देणारे. लोक वेडे झाले. गर्दीच्या रेट्यात वादकांना धक्के बसले आणि वाजवणे थांबवावे लागले. दोदो आणि ओस्मार यांनी हे पाहिले आणि ताडले, की शहराला हेच हवे आहे, पण वादकांना गर्दीच्या वर कुठेतरी उभे करावे लागेल आणि आवाज त्या गर्दीला पुरून उरेल एवढा करावा लागेल. विजेचा दांडका त्यांच्याकडे होताच.

ओस्मारकडे १९२९ च्या बनावटीची जुनी फोर्ड गाडी होती. तिला प्रेमाने ‘फोबिका’ म्हणत. तिच्यावर रंगीत ठिपके काढले, पुढे-मागे लाउडस्पीकरचे कर्णे लावले आणि गाडीच्याच बॅटरीवर अँप्लिफायर चालवला. दोघे वर उभे राहिले, ताल धरणारे साथीदार सोबत घेतले आणि फ्रेव्होच्या चाली वाजवत फोबिका रुआ शिलेकडे निघाली, थेट त्या सजलेल्या मोटारींच्या रांगेत. मोटारींचा डौल त्या संध्याकाळी संपला. फूटपाथवर उभे राहून बघणारे शहर रस्त्यावर उतरले आणि गाडीच्या मागे नाचू लागले. ओस्मार पुढे सांगत, की चौकात थांबायला म्हणून त्यांनी ड्रायव्हरला हाक दिली, तर उत्तर मिळाले की गाडी केव्हाच बंद पडली आहे, लोकच ढकलत नेताहेत. एवढी वर्षे या शहरात कार्निव्हल ‘बघायचा’ होता. त्या दिवसापासून त्याच्या मागे चालायचे झाले. मला विचाराल तर या इतिहासातला खरा शोध हाच आहे, लाउडस्पीकर त्याच्या नंतर येतो.

पुढच्या वर्षी तिसरा साथीदार आला, तेमिस्तोक्लेस आरागाओ. तिघे झाले म्हणून गाडीवर ‘त्रिओ एलेत्रिको’, विजेचे त्रिकूट, असा फलक लागला. फोबिकाच्या जागी मोठी पिकअप गाडी आली. १९५२ मध्ये ‘फ्रातेली व्हिता’ या स्थानिक शीतपेय कंपनीने ट्रक दिला, त्यावर आणखी कर्णे, ट्यूबलाइट आणि जनरेटर चढले. वादक तीन असोत की दहा, नाव मात्र त्या गाडीलाच चिकटले. जाहिरातदाराचा पैसाही तेव्हापासून या गाडीवर आहे, हे विसरून चालणार नाही. नंतर इतरांनी आपापल्या गाड्या काढल्या. त्यांतली ओर्लांदो काम्पोस यांची ‘तापाजोस’ सर्वांत नावाजली. साठच्या दशकात दोदो-ओस्मार काही वर्षे बाजूला झाले, तरी परंपरा इतरांनी चालू ठेवली.

बाहियाबाहेर ही गाडी पोहोचली ती गायक काएतानो व्हेलोझो यांच्या १९६९ च्या गाण्यामुळे. त्रिओच्या मागे जात नाही तो फक्त मेलेला, असे त्यात म्हटले आहे. लष्करी राजवटीने त्यांना देश सोडायला लावला होता. १९७२ मध्ये ते परतले तेव्हा ओर्लांदो यांनी त्यांच्या स्वागतासाठी अवकाशयानाच्या आकाराचा त्रिओ बांधला आणि त्याला ‘काएतानावे’ नाव दिले.

गंमत म्हणजे तोवर त्रिओवर गाणे नव्हते. फक्त वाद्ये. कारण तांत्रिक होते. पत्र्याचे कर्णे मधल्या पट्टीतला आवाज फेकत. त्यांतून तारा कडाडत ऐकू येत, पण माणसाचा शब्द स्पष्ट येत नसे. शिवाय गाणाऱ्याच्या हातातला मायक्रोफोन आणि वीतभर अंतरावरचे लाउडस्पीकर म्हटले की ती जुनी कुईं परत हजर. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, दोदो-ओस्मार यांच्या त्रिओची पंचविशी साजरी होत असताना, मोराईस मोरेरा त्यांच्या गाडीवर चढले आणि गायले. त्रिओवरचा पहिला गायक म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते. ओस्मार यांचा मुलगा अर्मान्दिन्यो तेव्हा गितारा बायानावर बापाच्या तोडीस तोड झाला होता. पाठोपाठ ट्रान्झिस्टरचे अँप्लिफायर आणि खर्जाचे मोठे स्पीकर आले. ताल धरणारे पूर्वी गाडीच्या कडेला खालच्या फळीवर उभे असत. तिथे आता स्पीकर बसले आणि अख्खा बँड छतावर गेला. १९७८ मध्ये दोदो वारले. त्यांनी सुरू केलेल्या गाडीची आजची बांधणी नेमकी त्या काळात ठरत होती.

चालत्या मिरवणुकीत सगळ्यांना एका तालात ठेवणे किती अवघड असते, ते रिओशी ताडून पाहिले की कळते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे वादकापासून शंभर मीटरवर उभ्या माणसाला ठोका जवळजवळ पाव ते तृतीयांश सेकंद उशिरा पोहोचतो, आणि वेगवान लयीत एवढ्या वेळात पुढचा ठोका पडून जातो. रिओच्या सांबा मंडळांचे शेकडो ढोलवाले पायी चालतात, मुख्य गायक छोट्या ध्वनिगाडीसोबत असतो आणि आवाज १९८४ मध्ये बांधलेल्या साम्बाद्रोममधल्या कायमच्या यंत्रणेतून दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांपर्यंत नेला जातो. ती जागाच मिरवणुकीसाठी बांधलेली आहे, म्हणून हे जमते. साल्व्हादोरचे रस्ते तसे नव्हते. तिथे वादक, अँप्लिफायर आणि स्पीकर एकाच गाडीवर एकत्र ठेवले, आणि प्रत्येक गाडीभोवतीची गर्दी आपल्या गाडीच्या तालावर नाचते.

पण आवाज जसा वाढला तसा खर्च वाढला, आणि खर्चापाठोपाठ दोरखंड आला. ऐंशीच्या दशकात ‘ब्लोको’ म्हणजे सभासदांची मंडळे मोठी झाली. त्रिओच्या भोवती दोर धरायचा, आत फक्त पैसे भरलेले सभासद. नव्वदच्या दशकात ओळख म्हणून ‘अबादा’ नावाचा सदरा आला आणि तो महागड्या किमतीला विकला जाऊ लागला. दोर हातात धरून तासन् तास चालणारे ते ‘कोर्देईरो’, बहुतेक गरीब आणि कृष्णवर्णीय, तुटपुंज्या रोजावर. दोराबाहेर दाटीवाटीने नाचणाऱ्यांना ‘पिपोका’, लाह्या, म्हणतात. याच काळात लुईझ काल्दास, दानिएला मेर्कुरी यांच्यासारखे गायक त्रिओवरून देशभर पोहोचले आणि त्या संगीताला ‘अशे’ म्हणून नाव मिळाले. संगीत म्हणून ते जोमदार होते, यात शंका नाही. तरीही फोबिकाने पुसलेली रेघ दोरखंडाने पुन्हा आखली, असेच माझे मत आहे. क्लबांच्या चित्ररथांचा काळ नव्या कपड्यांत परत आला होता. कृष्णवर्णीयांना क्लबांत जागा नव्हती म्हणून १९७४ मध्ये ‘इले आइये’ हे पथक स्थापन झाले होते. दोराच्या आत-बाहेर पाहिले की ती तक्रार संपली नव्हती हे दिसत होते.

मुंबई-कोकणातल्या वाचकाला यात ओळखीचे बरेच सापडेल. आपली बेंजो पार्टीही अशाच एका छोट्या तारवाद्याला वीज जोडून रस्त्यावर आली. बटणे दाबून वाजवायचा बेंजो, त्याला पिकअप, हातगाडीवर किंवा टेंपोत स्पीकर आणि जनरेटर, आणि मागे नाचणारी वरात नाहीतर गणपतीची मिरवणूक. कोणी कोणाचे पाहून केले नाही. पण बेंजो पार्टीची जागा आता रेकॉर्ड वाजवणाऱ्या डीजेच्या भिंतींनी घेतली आहे, आणि मला त्याचे वाईट वाटते. साल्व्हादोरच्या ट्रकवर आवाज कितीही वाढला तरी वाजवणारा माणूस ट्रकवरून उतरलेला नाही.

गेल्या काही वर्षांत तिथे दोर सैल होऊ लागला आहे. अबादांची विक्री ओसरली, सरकारी मदतीने बिनदोरीचे त्रिओ निघू लागले, कार्निव्हलच्या आधीच्या आठवड्यात छोट्या गाड्यांची ‘फुर्दुन्सो’ ही मोकळी मिरवणूक २०१४ पासून सुरू झाली. २००९ मध्ये रोबेर्तो बारेतो यांनी ‘बायानासिस्टम’ हा बँड काढला तो मुळात गितारा बायानाला नव्या आवाजात आणण्यासाठी. त्यांचा त्रिओ ‘नाव्हियो पिराता’, चाच्यांचे जहाज, दोराशिवाय निघतो आणि त्याच्यामागे जमणाऱ्या अफाट गर्दीत कोणाच्याही अंगावर विकत घेतलेला सदरा लागत नाही.