फर्माला चकवणारी संख्या

४,२९,४९,६७,२९७ या संख्येकडे नुसते पाहून तिच्यात काही विशेष आहे असे वाटत नाही. २ चा ३२ वा घात काढून त्यात १ मिळवला की ती तयार होते. फ्रेंच गणिती पिएर द फर्मा याने २ चे १, २, ४, ८ आणि १६ हे घात घेऊन, प्रत्येकात १ मिळवून ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या मिळवल्या होत्या. त्या पाचही मूळ संख्या असल्याने या मालिकेतील पुढच्या सर्व संख्याही मूळच असाव्यात, असे मत त्याने १६४० मध्ये मांडले. सिद्धता मात्र त्याच्यापाशी नव्हती. सहावी संख्या म्हणजेच आपली ही संख्या.

१७३२ मध्ये लेओनार्ड ऑयलरने दाखवून दिले की ती मूळ नाही: ६४१ ला ६७,००,४१७ ने गुणले की नेमकी हीच संख्या येते. ६४१ ही लहानापासून मोजत गेल्यास ११६ वी मूळ संख्या आहे, त्यामुळे ओळीने भागाकार करीत बसणाऱ्यालाही ती सापडली असती. पण तेवढ्याही खटपटीची गरज नव्हती, कारण या संख्येचा कोणताही मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या संख्यांपैकीच असावा लागतो, हे ऑयलरने पुढे सिद्ध केले. अशा संख्यांतील मूळ संख्या पाहू गेल्यास १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ असा क्रम लागतो. म्हणजे पाचव्याच प्रयत्नात उत्तर हाती येते. गंमत अशी की, हा नियम ज्या प्रमेयावर उभा आहे ते खुद्द फर्माचेच आहे, आणि म्हणूनच ही चूक त्याच्या नजरेतून कशी निसटली याचे नवल वाटते.

६४१ ने निःशेष भाग जातो हे भागाकार न करताही पटवता येते. ६४० च्या चौथ्या घातातून १ वजा केल्यास उरणाऱ्या संख्येला ६४१ ने भाग जातो, हे शाळेतल्या बीजगणितातूनच निघते. आता ६४० म्हणजे ५ गुणिले १२८, म्हणून त्याचा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. येथे ६२५ च्या जागी ६४१ वजा १६ लिहावे. ६४१ असलेल्या पदाला भाग जातोच. तेव्हा उरलेल्या भागालाही, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १ यालाही, भाग गेलाच पाहिजे.

पुढे गाउसने या मालिकेतील मूळ संख्यांचा संबंध भूमितीशी जोडला आणि १७ बाजूंचा सुसम बहुभुज केवळ पट्टी व कंपास यांनी काढता येतो हे १७९६ मध्ये दाखवले. मालिकेत सहावी मूळ संख्या आजवर कोणालाही मिळालेली नाही. ज्ञात पाच मूळ संख्यांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९५ इतका, म्हणजे आपल्या संख्येहून बरोबर २ ने कमी भरतो, आणि विषम बाजूंचे जे सुसम बहुभुज पट्टी-कंपासने काढता येतात हे ठाऊक आहे, त्यांतील सर्वांत मोठ्याच्या बाजू नेमक्या तेवढ्याच आहेत.